गाडीचा लाल, कागदावरचा लाल

चाकणच्या चौकातून नव्या कोऱ्या गाड्या घेऊन लांबलचक ट्रेलर निघतात, तेव्हा त्यातल्या एखाद्या किरमिजी गाडीकडे उन्हात नीट बघावं. तो रंग पत्र्यावर चढवलेला वाटत नाही, आतून उजळलेला दिसतो. चिंचवड-निगडीत जलरंगात अमूर्त चित्रं काढणाऱ्याच्या पेटीतला झळझळीत गुलाबी-लाल पुष्कळदा याच घराण्यातला असतो. घराण्याचं नाव क्विनाक्रिडोन. चांगल्या ट्यूबवर बारीक अक्षरांत पीव्ही १९ किंवा पीआर १२२ असं छापलेलं असतं, आणि गाड्यांचे रंग बनवणारेही हीच द्रव्यं याच क्रमांकांनी ओळखतात.

अमूर्त चित्रात रंगद्रव्याचं कूळ एवढं महत्त्वाचं का? निसर्गचित्रात घाट, झाड, देऊळ नजरेला धरून ठेवतात. विषयच नसला की रंग पाण्यात कसा वागतो, तेच चित्र होतं. ओल्या कागदावर अल्ट्रामरीनचा थेंब सोडा. त्याचे जड कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि रवाळ पोत उमटतो. शेजारी थॅलो निळा सोडा. तो झपाट्याने पसरतो, तंतूंत मुरतो, आणि वाळल्यावर ओल्या बोळ्याने कितीही टिपलं तरी त्याचा डाग जात नाही. इथे आकार कुंचल्याइतकाच द्रव्याच्या स्वभावाने ठरतो. म्हणून या चित्रांचा वंश चित्रकारांइतकाच रसायनांत शोधायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

पुण्यात कागदावरच्या जलरंगाची एक जुनी खूण १७९०च्या दशकातली आहे. गंगाराम चिंतामण तांबट यांनी ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची चित्रं केली. त्या काळी पारदर्शक किरमिजी मिळवायचा तर मंजिष्ठेच्या जातीची मुळं नाहीतर किरमिजाचे किडे, आणि हे रंग उजेडात उडायचे. १८६८मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी मुळांतलं अलिझरीन प्रयोगशाळेत बनवलं. रंग स्वस्त झाला, पण पातळ वॉशमध्ये तोही फिकटायचाच. जिथे रंग हाच विषय, तिथे रंग उडाला की चित्रच गेलं.

नजरेचा वंश वेगळ्या वाटेने आला. डिसेंबर १९२२मध्ये कोलकात्यात बाउहाउस या जर्मन कलाशाळेचं प्रदर्शन भरलं. त्यात क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांची जलरंगातली कामं होती. नागपुरात जन्मलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे १९४८मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडले. सुरुवातीला त्यांनी कागदावर जलरंगात काम केलं, आणि क्लेचा प्रभाव त्यांच्यावर होता. पुढे ते तैलरंगाकडे वळले. तरी त्यांच्या कॅनव्हासवरचे एकावर एक चढलेले, खालचा उजेड वर येऊ देणारे थर मला जलरंगाचेच संस्कार वाटतात.

१९५८मध्ये ड्यूपाँटने क्विनाक्रिडोन बाजारात आणला. मोठं गिऱ्हाईक होतं मोटारउद्योग. मेटॅलिक रंगात उजेड वरच्या थरातून आत जातो, अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पापुद्र्यांवर आपटून परत येतो. त्यासाठी द्रव्य पारदर्शक हवं आणि वर्षानुवर्षं उन्हात टिकायला हवं. जलरंगातही उजेडाची वाट हीच, फक्त पापुद्र्याच्या जागी पांढरा कागद. गाडीसाठी घडवलेला गुण चित्रकाराला आयता मिळाला.

पिंपरीत १९५४मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग वाहनांचे कारखाने आले आणि पुढे चाकणपर्यंत पसरले. तिथल्या पेंट शॉपमध्ये प्रायमर, बेस कोट, क्लिअर कोट अशा क्रमाने थर चढवणाऱ्या कामगाराला पारदर्शक थर म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. त्याच्या हाती कुंचला दिला पाहिजे.

या नात्यात चित्रकाराचं पारडं हलकं आहे. पीओ ४९ हे सोनेरी क्विनाक्रिडोन जलरंगवाल्यांचं फार लाडकं होतं. मोटारींसाठी त्याची मागणी आटली, २००१च्या सुमारास उत्पादन थांबलं. रंगकंपन्यांनी साठवलेला माल काही वर्षं पुरवला, मग पीओ ४८ आणि पीवाय १५० मिसळून तशी छटा बनवली. छटा जवळपास जुळली, पण एकाच द्रव्याची ओल्या कागदावरची चाल दोघांच्या मिश्रणाला कशी येणार?

यातला शेवटचा दुवा पुण्यातच आहे. सुदर्शन केमिकल ही १९५१ची पुण्याची कंपनी रंगद्रव्यं बनवते, तिचे कारखाने रोहा आणि महाडला आहेत. मार्च २०२५मध्ये तिने जर्मनीच्या ह्यूबाख समूहाचा व्यवसाय घेतला. ह्यूबाखकडे क्लॅरियंटची रंगद्रव्यं आली होती, क्लॅरियंटकडे होक्स्टची. होक्स्ट म्हणजे कृत्रिम अलिझरीन बनवणाऱ्या सुरुवातीच्या कारखान्यांपैकी एक. तिचाच होस्टापर्म पिंक, म्हणजे पीआर १२२, आता पुण्याच्या कंपनीच्या मालकीचा आहे.