लाह्यांचा हंगाम

अमेरिकेच्या उत्तर भागात सप्टेंबर सरता सरता मॅपलची पाने तांबडी होऊ लागतात, सफरचंदांच्या राशी बाजारात येतात, आणि इंडियाना, ओहायो, नेब्रास्का या मुलुखांत लाह्यांच्या मक्याची कणसे ताटांवरच वाळू लागतात. याच सुमारास तेथील घराघरांतून लाह्या फोडून त्या काकवीच्या किंवा साखरेच्या पाकात घोळण्याचा आणि वर मीठ भुरभुरण्याचा जो परिपाठ आहे, त्याचा इतिहास जितका शोधावा तितका तो, दाण्यातील ओल राखण्यासाठी आणि लाहीतील ओल घालविण्यासाठी माणसाने पिढ्यान् पिढ्या केलेल्या खटपटीचा इतिहास आहे, असे मला वाटत जाते.

लाहीच्या मक्याचे कवच विलक्षण कठीण असते आणि त्याच्या आत दाण्याच्या वजनाच्या साडेतेरा ते चौदा टक्के पाणी कोंडलेले असावे लागते. सुमारे १८० अंश सेल्सियसपर्यंत दाणा तापला म्हणजे आतील वाफेचा दाब बाहेरील हवेच्या नऊपटीच्या घरात जातो, कवच फुटते, आणि वितळलेले पिष्ट फेसाळून त्याच क्षणी निवते व घट्ट होते. ओल अधिक राहिली तर दाणा अर्धवट उमलून चिवट होतो. कमी पडली तर तो गणंग राहून भांड्याच्या तळाशी करपतो. म्हणूनच शेतकरी ही कणसे शरदात खुडून हवेशीर लाकडी कोठारांत टांगीत किंवा रचून ठेवीत, आणि ती पुरती वाळली की लाह्यांच्या संध्याकाळी सुरू होत, त्या थेट हिवाळा सरेपर्यंत.

ही विद्या फार पुरातन आहे. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर पारेदोनेस आणि हुआका प्रिएता येथील उत्खननांत लाह्यांच्या मक्याचे सुमारे ६,७०० वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले आहेत. मेक्सिकोतील आझ्टेक लोक आपल्या देवांच्या उत्सवांत लाह्यांच्या माळा वापरीत, हे साहागुन या स्पॅनिश धर्मोपदेशकाने नोंदवून ठेवले आहे. आणि पेरूचे रहिवासी एका जातीचा मका फुटेपर्यंत भाजून मिठाईसारखा खातात, असे बेर्नाबे कोबो या दुसऱ्या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १६५३ साली पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे. प्लिमथ वसाहतीतील १६२१ च्या सुप्रसिद्ध मेजवानीत मूलनिवाशांनी गोऱ्या वसाहतवाल्यांना लाह्या भेट दिल्याची कथा मात्र मला त्याज्य वाटते. त्या वसाहतीतील एडवर्ड विन्स्लो याने त्या प्रसंगाचे जे पत्र लिहिले त्यात हरणे आहेत, पाखरे आहेत, लाह्या कोठेच नाहीत. आणि त्या प्रदेशात पिकणारा मका नीटसा फुटणाऱ्या जातीचाही नव्हता. मूलनिवाशांचे खरे ऋण एवढे मोठे आहे की त्याला अशा कल्पित कथेची जोड देण्याची मुळीच गरज नाही.

गोडी कोठून आली, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. पांढरी साखर सामान्य घरांत दीर्घकाळ महाग होती. हाताशी असे ती काकवी, आणि ती येई कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांतून, जेथे गुलामांच्या श्रमावर सारा कारभार चाले. परकी बेटांतून येणाऱ्या या काकवीवर ब्रिटिश पार्लमेंटने १७३३ साली दर गॅलनला सहा पेन्स जकात बसविली, वसाहतींतील व्यापाऱ्यांनी ती चुकविण्यासाठी चोरटा व्यापार केला, आणि १७६४ मध्ये ती निम्म्यावर आणून वसुली सक्त केली तेव्हा जो असंतोष उसळला, त्याचे पर्यवसान पुढे स्वातंत्र्ययुद्धात झाले. एकोणिसाव्या शतकातील गृहिणीच्या भांड्यात हीच काकवी रटरटत असे. तिचा थेंब थंड पाण्यात टाकून पाहावयाचा. तो घट्ट गोळी होऊन बसला की भांडे उतरवून पाक लाह्यांवर ओतावयाचा, आणि हातांना लोणी फासून, चटके सोशीत, पाक आळण्यापूर्वी लाडू वळावयाचे. ते लोणी टिकाऊ व्हावे म्हणून भरपूर खारवलेले असे, त्यामुळे मिठाची चव लाडवात आपोआप उतरे, आणि काकवीचा जो अंगचा कडवटपणा असतो तो मिठाने दबून जाई. गोड आणि खारट यांचा हा संयोग स्वयंपाकघराच्या व्यवहारातूनच सहज घडून आला असावा.

पुढे या घरगुती कसबाचा धंदा झाला तो मुख्यतः शिकागो शहरात. चार्ल्स क्रेटर्स नावाच्या मिठाईवाल्याने १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात वाफेच्या यंत्रावर चालणारी लाह्यांची गाडी मांडली. तीत दाणे मीठ घातलेल्या चरबीतच फुटत, त्यामुळे खारटपणा प्रत्येक लाहीस सारखा लागे. त्याच शहरात १८७१ च्या भीषण अग्निप्रलयानंतर आलेला फ्रेडरिक रुकहाइम हा जर्मन गृहस्थ आपला भाऊ लुई याच्यासह लाह्या विकीत असे. काकवी, लाह्या आणि भुईमुगाचे दाणे यांचे त्यांचे मिश्रण रुचकर होते, पण ते चिकटून एकच ढेप होई. लाह्या सुट्या राहतील अशी कृती लुईने १८९६ मध्ये बसविली आणि त्याच वर्षी या मिश्रणाचे 'क्रॅकर जॅक' हे नाव नोंदले गेले. तरीही दमट हवेपुढे इलाज नव्हता. तो त्यांचा सहकारी हेन्री एकस्टाइन याने १८९९ मध्ये काढला, मेणकागदाने हवाबंद केलेल्या खोक्याच्या रूपाने. मुलांना या खोक्यातील खेळणे आठवते, जे १९१२ पासून घालू लागले. परंतु मला त्या मेणकागदाचे महत्त्व खेळण्याहून कितीतरी अधिक वाटते, कारण घरच्या एका संध्याकाळपुरता टिकणारा हा जिन्नस त्यामुळेच दूरच्या गावांपर्यंत कुरकुरीत पोचू लागला.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, साखरेवर नियंत्रण आले आणि मिठाई दुर्मीळ झाली, तेव्हा चित्रपटगृहांतून खाऱ्या लाह्यांचा खप झपाट्याने वाढला. गोड लाह्यांना पूर्वीचे दिवस परतण्यास युद्ध संपावे लागले.

आजही ऑक्टोबरात घरी हे खाद्य करणारी माणसे साखर, लोणी आणि चिमूटभर सोडा यांचा पाक लाह्यांवर ओतून त्या परातीत पसरतात आणि सुमारे १२० अंशांच्या मंद भट्टीत तासभर, अधूनमधून हलवीत, सुकवितात; त्या तासाभरात पाकातील उरलेले पाणी निघून जाते. मीठ मात्र पाक ओला असतानाच टाकावे लागते, कारण पृष्ठभाग कोरडा पडला की ते लाहीला न धरता परातीच्या तळाशी गळते. आणि लाह्या निवल्या की त्याच घटकेस घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्या लागतात, नाही तर पावसाळी हवेत संध्याकाळपर्यंत त्या सादळतात.