मोठे ब्रेक लावले की गाडी लवकर थांबते का? बिग ब्रेक किट घेण्याआधी काय तपासायचं?

अलॉय व्हीलच्या मागून डोकावणारा लाल कॅलिपर, जवळपास चाकाएवढी मोठी, भोकं पाडलेली डिस्क आणि सोबत 'आता गाडी जागच्या जागी थांबते' असा दावा. गाड्यांच्या मॉडिफिकेशनचे रील्स बघणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं असेल. या सामानाला 'बिग ब्रेक किट' म्हणतात. त्याचा खर्च काही दहा हजारांपासून लाखाच्या पुढेही जातो.

हा दावा अर्धाच खरा आहे. मोठ्या ब्रेकमुळे गाडी पहिल्या वेळी लवकर थांबेलच असं नाही. पण लागोपाठ दहा वेळा ब्रेक मारल्यावरही ती तशीच थांबेल, हा या किटचा खरा फायदा आहे. आपल्या गाडीला नेमकी कशाची गरज आहे, हे आधी ओळखलं तर बऱ्याचदा मोठा खर्च वाचतो.

बिग ब्रेक किटमध्ये काय असतं?

डिस्क ब्रेकचं काम साधं आहे. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरपर्यंत जातो. कॅलिपरमधले पिस्टन पॅडना ढकलतात आणि पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. या घर्षणामुळे गाडीच्या वेगाची ऊर्जा उष्णतेत बदलते.

बिग ब्रेक किटमध्ये साधारणपणे मोठ्या व्यासाच्या आणि जाड डिस्क, जास्त पिस्टनचे कॅलिपर, ते बसवायला ब्रॅकेट, नवे पॅड आणि स्टीलची जाळी असलेल्या ब्रेक लाइन येतात. बहुतेक किट पुढच्या दोन चाकांसाठीच असतात. ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं बरंचसं काम पुढची चाकं करतात, हे त्याचं कारण.

डिस्कचा व्यास २५६ मिलीमीटरवरून ३०० मिलीमीटर झाला, तर त्रिज्या सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. लांब दांड्याच्या पान्याने नट सहज सुटतो, तसंच इथे होतं. पॅड केंद्रापासून लांब असल्यामुळे त्याच दाबात चाकावर जास्त जोर मिळतो.

मग गाडी लवकर का थांबत नाही?

कारण ब्रेक चाकाला थांबवतात, गाडीला थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यातली पकड. जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरत असेल, तर एबीएस सुरू झालेलं असतं. याचा अर्थ असा की टायरची पकड संपवण्याइतकी ताकद त्या ब्रेकमध्ये आधीच आहे. आणखी मोठे ब्रेक लावले, तर एबीएस थोडं आधी सुरू होईल, एवढंच. भारतात २०१९ पासून नव्या कारमध्ये एबीएस बंधनकारक आहे. त्यामुळे अलीकडच्या गाडीत हे मोकळ्या, सुरक्षित जागेत तपासता येतं.

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचा हिशोब बघा. टायर आणि कोरडा रस्ता यांच्यातला घर्षणांक ०.८ धरला, तर पूर्ण ब्रेक लागल्यानंतर गाडी सुमारे ४९ मीटरमध्ये थांबते. टायर चांगला असेल आणि घर्षणांक १ असेल, तर सुमारे ३९ मीटर पुरतात. ओल्या रस्त्यावर तो ०.५ वर आला, तर हेच अंतर सुमारे ७९ मीटर होतं. या गणितात डिस्कचा आकार कुठेच येत नाही. झिजलेल्या टायरवर महागडं किट लावण्यापेक्षा चांगले टायर घेतल्याने जास्त फरक पडतो, तो यामुळेच.

मोठ्या डिस्कचा खरा उपयोग कुठे होतो?

तो उष्णतेत आहे. माणसं आणि सामान धरून १५०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून एकदा थांबवली, तर सुमारे ५.८ लाख जूल ऊर्जा उष्णतेत बदलते. हीच गाडी लोणावळ्याहून खोपोलीकडे घाट उतरते, तेव्हा ती साधारण ५०० मीटर खाली येते. या उतारात सुमारे ७३ लाख जूल ऊर्जा सुटते, म्हणजे ताशी १०० वरून साडेबारा वेळा थांबण्याइतकी. त्यातला काही भाग हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण घेतं. गिअर खाली असेल, तर मोठा वाटा इंजिन घेतं. गाडी न्यूट्रलमध्ये असेल, तर तो सगळा वाटा ब्रेकवर पडतो.

मोठ्या आणि जाड डिस्कमध्ये जास्त धातू असतो, म्हणून तेवढ्याच उष्णतेत ती कमी तापते. पृष्ठभाग मोठा असल्याने ती लवकर थंडही होते. रेस ट्रॅकवर, लांब घाटात किंवा इंजिनची ताकद वाढवलेल्या गाडीत हा फरक जाणवतो. रोज सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीत तो क्वचितच जाणवतो.

ब्रेक 'जातात' तेव्हा नेमकं काय होतं?

घाटात ब्रेक कमी लागायला लागले, तर पेडल कसं लागतंय, यावरून कारणाचा अंदाज येतो.

पेडल कडक आहे, पण गाडी थांबत नाही: पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापले असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी पॅड आणि डिस्क यांच्यातलं घर्षणच कमी होतं. मात्र इंजिन बंद पडल्याने बूस्टरची मदत गेली, तरी पेडल असंच कडक होतं. उतारावर इंजिन बंद करू नये, त्याचं हे एक कारण.

पेडल मऊ लागतं किंवा खाली जातं: ब्रेक ऑइल उकळल्याची शक्यता. द्रव दाबला जात नाही, पण त्यात तयार झालेली वाफ दाबली जाते. त्यामुळे पायाचा जोर कॅलिपरपर्यंत पोहोचतच नाही. ऑइलची गळती किंवा मास्टर सिलिंडरचा दोष असला, तरी असंच होतं. म्हणून गाडी गॅरेजमध्ये दाखवायलाच हवी.

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ ऑइलचा नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, तर पाणी शोषल्यावर किमान १४० अंश. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहेत. कोकणासारख्या दमट हवेत वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या गाडीला घाटात खरा धोका इथे असतो. डॉट ५ मात्र सिलिकॉनवर आधारित वेगळं ऑइल आहे. ते डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळू नये.

पैसे आधी कशावर खर्च करावेत?

पहिला क्रमांक टायरचा. खाच किती उरली आहे, रबर कडक झालं आहे का आणि हवा बरोबर आहे का, हे बघावं.

दुसरा क्रमांक सर्व्हिसिंगचा. कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्या, तर पॅड एकाच बाजूने झिजतो आणि ब्रेक अर्धेच काम करतात.

तिसरा क्रमांक ब्रेक ऑइलचा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचं ऑइल ठरलेल्या मुदतीत बदलून घ्यावं. अनेक कंपन्या ही मुदत साधारण दोन वर्षं सांगतात.

चौथा क्रमांक पॅडचा. जास्त तापमान सहन करणारे रस्त्यासाठीचे पॅड मिळतात. मात्र रेसिंगचे पॅड रोजच्या गाडीत नकोत. ते गरम झाल्याशिवाय नीट पकडत नाहीत, म्हणजे सकाळच्या पहिल्या ब्रेकलाच फसवू शकतात.

एवढं सगळं करूनही ट्रॅकवर किंवा घाटात ब्रेक तापून कमी लागत असतील, तर किटचा विचार करण्यात अर्थ आहे. कधीकधी त्याच मॉडेलच्या वरच्या, जास्त ताकदीच्या व्हेरिएंटची मोठी डिस्क आणि कॅलिपर बसू शकतात. पार्ट नंबर जुळत असतील, तर हा मार्ग जास्त भरवशाचा असतो.

किट निवडताना काय बघायचं?

चाक आणि स्टेपनी: मोठा कॅलिपर चाकाच्या आत मावतो का, हे आधी मोजावं लागतं. नुसता रिमचा आकार पुरेसा नाही, स्पोकच्या मागची जागाही महत्त्वाची. चांगले उत्पादक कागदावर छापायचा साचा देतात, तो कापून चाकात धरून बघता येतो. स्टेपनी लहान आकाराची असेल, तर ती नव्या कॅलिपरवर बसणारच नाही. हे पंक्चर झाल्यावर घाटात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा तोल: पुढचा ब्रेक फार जोरदार झाला, तर मागच्या टायरची पकड वाया जाते आणि थांबण्याचं अंतर उलट वाढू शकतं. मागचा फार जोरदार झाला, तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. ईबीडी यंत्रणा काही प्रमाणात सांभाळून घेते, पण तिचं गणित मूळ ब्रेकवर बेतलेलं असतं.

पिस्टनचं क्षेत्रफळ: सहा पिस्टन म्हणजे चारपेक्षा दीडपट ताकद, असं नसतं. महत्त्वाचं असतं ते पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ. ते मूळ कॅलिपरपेक्षा फार मोठं असेल, तर मास्टर सिलिंडरला जास्त ऑइल ढकलावं लागतं आणि पेडल खोल जातं. म्हणून किट त्याच मॉडेलसाठी तयार केलेलं असावं.

डिस्कचा प्रकार: रस्त्यावरच्या गाडीला आतून हवा खेळणारी, साध्या पृष्ठभागाची डिस्क पुरते. भोकं पाडलेली डिस्क दिसते छान, पण खूप तापल्यावर भोकांच्या कडेने तडे जाण्याची शक्यता असते. काही डिस्कच्या आतल्या पाकळ्या वळणदार असतात. त्यात डावी आणि उजवी वेगळी असते, त्यांची अदलाबदल चालत नाही.

धूळ आणि पाऊस: रेसिंगसाठीच्या अनेक कॅलिपरमध्ये पिस्टनवर धूळ अडवणारं रबर नसतं. आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल बघता ते असलेला कॅलिपरच घ्यावा.

सुटे भाग आणि खरेपणा: पॅड, डिस्क आणि सील पुढची काही वर्षं मिळणार आहेत का, हे विचारावं. नामांकित कंपन्यांच्या नावाने बनावट माल विकला जातो, त्यामुळे अधिकृत विक्रेता आणि पक्कं बिल हवंच. बाजारात मिळणारी लाल प्लास्टिकची कॅलिपर कव्हर म्हणजे ब्रेक नव्हेत. त्यांनी ताकद वाढत नाही, उलट हवा अडू शकते.

कायदा आणि विम्याचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ए मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ब्रेकचा आकार आरसीवर लिहिलेला नसतो, पण ब्रेक हा सुरक्षेचा भाग आहे. म्हणून काम करण्याआधी आरटीओकडे विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. न कळवलेला बदल अपघातानंतर क्लेमच्या वेळी वादाचा मुद्दा ठरू शकतो. गाडी वॉरंटीत असेल, तर त्यावर काय परिणाम होईल, हेही विचारून घ्यावं.

बसवल्यानंतर काय करायचं?

बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कलाच आवळलेले हवेत आणि ब्रेक लाइनमधली एअर पूर्ण काढलेली हवी. चाक दोन्ही टोकांपर्यंत वळवून ब्रेक लाइन कुठे घासत किंवा ताणत नाही ना, हे बघावं.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसायला वेळ लागतो. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून, पूर्ण न थांबता, काही वेळा वेग कमी करायचा आणि मग ब्रेक न दाबता गाडी चालवून ते थंड होऊ द्यायचे. किती वेगावरून किती वेळा, हे किटच्या सूचनांनुसार ठरवावं. हे होईपर्यंत घाटात जाऊ नये.

किट लावलं तरी घाटाचा जुना नियम बदलत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा आणि पाय सतत ब्रेकवर ठेवायचा नाही. ऑटोमॅटिक गाडीत एल किंवा मॅन्युअल मोड वापरावा. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर उतारावर मोटरचं ब्रेकिंग कमी मिळतं. त्यामुळे माथेरान किंवा महाबळेश्वरच्या बाजूने उतरायचं असेल, तर निघण्याआधी चार्जिंग शंभर टक्क्यांच्या थोडं खालीच थांबवणं फायद्याचं.