चौकटींमागची मराठी

लिनक्सच्या पडद्यावर मराठीऐवजी रिकाम्या चौकटी दिसल्या की लोक म्हणतात, "फाइल बिघडली." बहुतेक वेळा फाइल शाबूत असते. बिघाड असतो तो अक्षरांच्या पोशाखात. हा फरक कळायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जन्मली. तेव्हाच्या ॲस्की या अक्षरसंचात जागा होत्या १२८. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि खुणा यांतच त्या संपल्या. मग आपल्याकडे तोडगा निघाला: इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरी आकार बसवायचा. छपाईपुरतं भागलं, पण तो फॉन्ट नसला की उरते इंग्रजी अक्षरांची खिचडी. १९९८ साली आम्ही शिक्षकांनी टंकून घेतलेली एक स्मरणिका आज माझ्याकडे अशीच पडून आहे. त्यात दोन दिवंगत सहकाऱ्यांचे लेख आहेत. कुठला फॉन्ट वापरला होता, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. त्यांचा क्रम भारताच्याच इस्की या मानकावर बेतलेला होता. पण काम अर्धंच झालं होतं. ‘कि’ साठवताना आधी क, मग वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी आधी. आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजींना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना! एका ‘र’च्या वळणावर माणूस बदलतो. ही जुळणी करायला वेगळी यंत्रणा लागते. ग्नोम डेस्कटॉपला ती २००२ साली मिळाली, जीटीके २.० बरोबर आलेल्या पँगोच्या रूपाने. पुढे तो भार हार्फबझने उचलला. कोणत्या भाषेला कोणता फॉन्ट, हे पाहायचं काम कीथ पॅकार्ड यांच्या फॉन्टकॉन्फिगकडे आलं.

राहता राहिले फॉन्ट. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मुंबईत ‘रघू’ घडवला, तो मुक्त परवान्याखाली मिळाला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवलेले ‘लोहित’ फॉन्ट रेड हॅटने २००४ साली सर्वांना खुले केले.

म्हणून आजही चौकटी दिसल्या तर घाबरू नये. टर्मिनलमध्ये ‘एफसी-लिस्ट’ या आज्ञेने मराठीला चालणाऱ्या फॉन्टची यादी मागवावी. यादी रिकामी आली, तर फॉन्ट बसवावा. फॉन्ट असूनही वेलांटी भरकटली, तर दोष त्या प्रोग्रामच्या जुळणीत शोधावा. ल आणि श हिंदी वळणाचे दिसले, तर फॉन्ट आणि भाषेची सेटिंग तपासावी. मूळ मजकुराला मात्र हात लावू नये.

असो. घरात कुणाच्या जुन्या फॉन्टमधल्या फायली असतील, तर त्या लवकर युनिकोडमध्ये आणून ठेवा. टंकणारी माणसं विचारायला हाताशी आहेत तोवरच हे काम सोपं आहे.