चौकोनामागची अक्षरं

२०२० च्या जानेवारीत गावाकडच्या मित्राचा मेसेज आला. त्यात एका ओळीत अकरा रिकामे चौकोन होते. खाली मराठीत लिहिलं होतं, "तुझ्याकडे काय दिसते, सांग."

"डब्बे दिसतात," मी कळवलं.

"माझ्याकडे बी तेच. तू इंजिनियर झाला ना, मग कर काहीतरी."

मी तेव्हा पुण्यात पहिल्या नोकरीत होतो. आमचं गाव दरेकसा. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेला लागून. हावडा-नागपूर मार्गावरून जाणाऱ्यांना ते स्टेशन आणि बोगद्यामुळे आठवत असेल. गोंड समाजासाठी मात्र दरेकसा म्हणजे कचारगडचं स्टेशन. माघ पौर्णिमेच्या सुमारास तिथल्या गुहांकडे मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात आणि आठवडाभर गावात "जय सेवा" ऐकू येतं. त्या वर्षी पौर्णिमा ९ फेब्रुवारीला होती. मित्राच्या घरी गोंडी बोलतात. यात्रेसाठी तो आणि त्याचे सोबती एक पानाचं पत्रक काढणार होते आणि त्याच्या वरच्या ओळी गोंडी लिपीत हव्या होत्या. त्याच्या आजोबांना ती लिपी येत होती. त्यांनी वहीत लिहून दिलेल्या ओळी मित्राने युनिकोडच्या तक्त्यातून एकेक अक्षर कॉपी करून जुळवल्या होत्या. ते अकरा चौकोन म्हणजे पहिली ओळ.

ही लिपी आमच्या शेजारची. १९१८ मध्ये बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी ती तयार केली, म्हणून तिला मसराम गोंडी म्हणतात. (गोंडीची आणखी एक लिपी आहे, गुंजाला गोंडी. तेलंगणातल्या गुंजाला गावी सापडलेल्या हस्तलिखितांमुळे ती पुढे आली.) २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी बोलणारे २९ लाखांहून जास्त आहेत. तरी ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही आणि बहुतेक वेळा ती देवनागरीत किंवा तेलुगू लिपीत लिहिली जाते. अशा लिपीसाठी कोणती कंपनी घाई करणार?

कंपन्या नाहीत, पण काही माणसं कामाला लागली होती. लिपीतज्ज्ञ अंशुमन पांडे यांनी मसराम गोंडीसाठी युनिकोडकडे प्रस्ताव दिले. जून २०१७ मध्ये युनिकोडच्या १०.० आवृत्तीत तिच्या ७५ चिन्हांना क्रमांक मिळाले. मसराम यांच्या कामानंतर ९९ वर्षांनी.

मग २०२० मध्ये चौकोन का?

कारण क्रमांक मिळणं ही फक्त पहिली पायरी. मराठीतलंच उदाहरण घ्या. 'ॲप'मधला 'ॲ' युनिकोडमध्ये आला २००८ मध्ये. त्यानंतरही कितीतरी फोनवर तो चौकोन म्हणूनच दिसायचा. क्रमांकानंतर त्या अक्षराचा आकार असलेला फॉन्ट लागतो. त्यानंतर लागतो मांडणी करणारा प्रोग्राम. 'कि' लिहिताना आपण आधी क टाइप करतो, मग वेलांटी. पण दिसताना वेलांटी आधी येते. 'र्क'मधला र उडी मारून क च्या डोक्यावर बसतो. ही जागांची अदलाबदल फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस अशा अनेक ठिकाणी हार्फबझ नावाची ओपन सोर्स लायब्ररी करते. गूगलच्या नोटो प्रकल्पात मसराम गोंडीचा फॉन्ट होता. हार्फबझलाही ही लिपी ठाऊक झाली होती. म्हणजे काम झालेलं होतं, पण रेपॉझिटरीत. माझ्या लॅपटॉपवरचं लिनक्स २०१७ च्या आधीचं होतं आणि मित्राचा फोन त्याहून जुना. दुरुस्ती आणि आमच्यामध्ये तीन वर्षांचं अंतर होतं.

ते अंतर स्वतः कापता येतं याला एक इतिहास आहे.

प्रोग्राममधले बदल नोंदवून ठेवायची पद्धत १९७२ पासूनची. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस बनवलं. कोणी काय बदललं हे कळावं आणि चुकलं तर मागे जाता यावं, एवढाच हेतू. १९८२ मध्ये वॉल्टर टिची यांचं आरसीएस आलं, १९८६ मध्ये डिक ग्रून यांचं सीव्हीएस. पण या नोंदवह्या आतल्या लोकांच्या. बाहेरच्याला मिळायची ती अधूनमधून प्रसिद्ध होणारी पूर्ण आवृत्ती. मधल्या काळात दुरुस्ती झाली तरी पुढच्या आवृत्तीची वाट बघायची.

१९९५ मध्ये ओपनबीएसडी प्रकल्पाने ही वही जगासाठी उघडी केली. नाव-गाव न सांगता कोणीही आजचा कोड बघू शकेल, उतरवून घेऊ शकेल. लिहिण्याचा हक्क मात्र मोजक्यांना. आज हे साधं वाटतं, पण आवृत्तीची वाट बघायची की नाही हे तेव्हापासून वापरणाऱ्याच्या हातात आलं. पुढे एप्रिल २००५ मध्ये, लिनक्सवाल्यांना बिटकीपर फुकट वापरणं बंद झालं तेव्हा लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी काही दिवसांत गिट लिहायला घेतलं. त्यात नुसता आजचा कोड नाही, तर सुरुवातीपासूनचा सगळा इतिहास प्रत्येकाच्या मशीनवर येतो.

सगळा इतिहास ही चैन आहे, हे मला दरेकसाला कळलं.

मी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी घरी गेलो. नोटोची रेपॉझिटरी अवाढव्य. रेंज वाऱ्यावर. गिटचं क्लोन मध्येच तुटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तीनदा तुटलं. शेवटी 'डेप्थ १' दिलं, म्हणजे इतिहास नको, फक्त आजची स्थिती दे. तेही अर्ध्यावर थांबलं. मग मित्र आणि मी गोंदियाला एका ओळखीच्याकडे वायफायवर बसलो आणि दोन्ही रेपॉझिटरी उतरवून आणल्या. त्यानंतर गावातून केलेलं 'गिट पुल' काही सेकंदांत झालं, कारण एकदा प्रत हाती असली की फक्त फरक यावा लागतो. दुर्गम गावासाठी गिटची खरी किंमत यातच आहे: पहिली खेप जड, नंतरच्या हलक्या.

पुढचा गोंधळ माझाच. कोड कंपाइल केला आणि उत्साहात नवी लायब्ररी थेट सिस्टिमच्या जुन्या लायब्ररीवर बसवली. लॅपटॉप परत सुरू केला तर मेन्यूंमधली सगळी अक्षरं गायब. गोंडी सोडा, इंग्रजीही दिसेना. मित्र म्हणाला, "आता तुला बी डब्बे." रात्रभर बसून जुनी लायब्ररी परत आणली. तेव्हापासूनचे माझे तीन नियम: हाताने आणलेलं सॉफ्टवेअर आपल्या वेगळ्या फोल्डरमध्ये बसवायचं; कोणत्या कमिटवर आहोत तो क्रमांक लिहून ठेवायचा; आणि नवं नीट चालतंय हे दिसल्याशिवाय जुनं पुसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी वेगळ्या फोल्डरमध्ये हार्फबझ कंपाइल केलं. त्याच्यासोबत एचबी-व्ह्यू नावाचं छोटं हत्यार येतं. मजकूर आणि फॉन्ट दिला की मांडलेली ओळ चित्र म्हणून मिळते. तुलनेसाठी आधी जुन्या लायब्ररीवर ओळ बघितली. फॉन्ट असल्यामुळे चौकोन गेले होते, पण मात्रा आणि जोडाक्षरं सुटी सुटी पडलेली. मग नवीवर. अकरा चौकोनांची सहा अक्षरं झाली होती.

आम्ही लॅपटॉप आजोबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवत वाचलं, आणि तिसऱ्या अक्षरावर थांबले. "इथे दीर्घ पाहिजे," म्हणाले. वही उघडून बघितलं तर बरोबर. मित्राने तक्त्यातून ऱ्हस्व उचलला होता. ही चूक चौकोनांत कोणालाच दिसली नसती. ती तशीच छापली गेली असती आणि ज्यांना लिपी येते त्यांनी ती यात्रेत वाचली असती.

पत्रक वेळेत छापलं गेलं. गोंदियाच्या छपाईवाल्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नव्हता, म्हणून त्या ओळी चित्र म्हणूनच दिल्या. म्हणजे कागदावर वाचता येतील, पण फोनवर शोधता, कॉपी करता येणार नाहीत. अर्धंच काम झालं, पण पौर्णिमा थांबत नाही.

नंतर मी दोन्ही रेपॉझिटरी पेनड्राइव्हवर घालून मित्राला दिल्या आणि चार कमांड वहीत लिहून दिल्या. पुढच्या वर्षी तो अडला तेव्हा फोनवर सांगितलं. त्यानंतर तो अडला नाही.

आज माझ्या नव्या फोनवर मसराम गोंडी काही न करता दिसते. क्रमांक, फॉन्ट, मांडणी सगळं आतच येतं. हाताने अपडेट करायची गरज हळूहळू संपते, ते बरंच आहे. पण ती संपते नवा फोन घेणाऱ्यांसाठी. गावात फोन दोन-तीन हात फिरून येतो आणि त्यासोबत जुनं सॉफ्टवेअरही.

यंदाच्या यात्रेआधी मित्राचा मेसेज आला. मला सहा अक्षरं दिसली, तिसरं दीर्घ. मी विचारलं, "आता दिसते का तुझ्याकडे?"

"नाही ना. फोन तोच आहे," तो म्हणाला. "लॅपटॉपवर बघून मग पाठवलं."