मेळकर्ता रागांच्या नावांतील वर्णनियम

कर्नाटक संगीतातील 72 मेळकर्ता रागांची नावे ठरावीक वर्णनियमांनी घडवलेली आहेत. नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून रागाचा क्रमांक निघतो आणि क्रमांकावरून त्याचे सातही स्वर कळतात. या नियमांना कटपयादी म्हणतात.

क ते झ या वर्णांची किंमत अनुक्रमे 1 ते 9, ट ते ध यांचीही 1 ते 9, प ते म यांची 1 ते 5 आणि य ते ह यांची 1 ते 8. ञ, न आणि सुटा स्वर म्हणजे शून्य. व्यंजनाला जोडलेल्या स्वराला किंवा अनुस्वाराला किंमत नाही. जोडाक्षरात शेवटचे व्यंजन धरायचे आणि अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे. मेचकल्याणीत ‘मे’ म्हणजे 5, ‘च’ म्हणजे 6. म्हणून क्रमांक 65.

त्याआधी आर्यभटाने 499 च्या सुमारास स्वरांनाही स्थानमूल्य दिले होते. त्याच्या पद्धतीत 43,20,000 ही संख्या ‘ख्युघृ’ अशी होते. मोठी संख्या दोन अक्षरांत मावते, पण शब्द उच्चाराला कठीण आणि अर्थहीन होतो. कटपयादीने स्वर मोकळे सोडले. एकाच अंकासाठी बहुधा तीन-चार व्यंजने आणि हवा तो स्वर निवडता येऊ लागल्याने संख्येतून अर्थपूर्ण शब्द घडवणे शक्य झाले. केरळातील ज्योतिर्गणितात ही पद्धत विशेष रुजली.

सतराव्या शतकात तंजावरच्या नायक दरबारातील वेंकटमखी यांनी ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ या ग्रंथात 72 मेळांचा हिशेब मांडला. रि-ग यांच्या सहा जोड्या, ध-नि यांच्या सहा जोड्या आणि दोन मध्यम: 6 × 6 × 2. त्यांच्या काळी यांतले 19 मेळच प्रचारात होते. उरलेल्यांना नावे मिळाली ती पुढे, तंजावरात मराठ्यांचे राज्य असताना. एक नामावली ‘कनकांबरी, फेनद्युती’ अशी सुरू होते, दुसरी ‘कनकांगी, रत्नांगी’ अशी. पहिली मुत्तुस्वामी दीक्षितांच्या परंपरेत टिकली. आज दुसरी सर्वत्र चालते. ‘फेन’ आणि ‘रत्न’ या दोन्हींतून 02 हाच अंक निघतो. जुन्या नावांना मात्र अक्षरे जोडली गेली: शंकराभरणाला ‘धीर’ (29), मालवगौळाला ‘माया’ (15).

जोडाक्षराचा नियम सर्वत्र पाळला गेला नाही. धर्मवतीत ‘र्म’मधला म धरला की 59 बरोबर येतात. चक्रवाकात मात्र ‘क्र’मधला क धरावा लागतो, तेव्हाच 16 मिळतात; दिव्यमणीत (48) आणि विश्वंभरीत (54) ‘व्य’ आणि ‘श्व’ यांचेही पहिलेच व्यंजन मोजले जाते. रूढ आणि कानाला गोड नाव राखण्यासाठी नियमाला वाकवले गेले.

विष्णु नारायण भातखंडे यांनी 1904 मध्ये दक्षिणेचा दौरा केला आणि मेळपद्धतीचा अभ्यास केला. हिंदुस्थानी रागांसाठी त्यांनी दहा थाट पुरेसे मानले. बिलावल, कल्याण अशा थाटांच्या नावांत अंकांची गरज उरली नाही.

कर्नाटक परंपरेत ही गरज कायम आहे. पुरंदरदासांनी प्राथमिक धडे मायामालवगौळात बांधले, असे परंपरा मानते. ते आजही विद्यार्थी पहिल्यांदा शिकतात. पुढे हाच हिशेब उपयोगी पडतो: पहिल्या 36 मेळांत शुद्ध मध्यम, नंतरच्या 36 मध्ये प्रति मध्यम. म्हणून 29 व्या धीरशंकराभरणात 36 मिळवले की 65 वी मेचकल्याणी हाती येते; दोहोंत फरक फक्त मध्यमाचा.