कथबर्ट : एका नावाचे नशीब

इंग्लंडात आपल्यापैकी कोणाकडे बाळ जन्माला आले की बारशाच्या आधी घरात एक चर्चा हटकून होते. नाव अर्थपूर्ण हवे, आजी-आजोबांना पसंत पडायला हवे, आणि शिवाय इथल्या शाळेत त्याची थट्टा होता कामा नये. पहिल्या दोन गोष्टी कशाबशा जमतात. तिसरीपाशी गाडी अडते. मग हृषीकेश मागे पडतो आणि नील, जय, रोहन यांच्यापैकी एकावर शिक्कामोर्तब होते. ही काळजी फक्त आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांनाच असते असा कोणाचा समज असेल, तर एका अस्सल इंग्रजी नावाची हकिगत ऐकण्यासारखी आहे. ते नाव आहे कथबर्ट.

आज इंग्लंडातल्या वर्गात कथबर्ट नावाचा मुलगा सापडणे कठीण, आणि सापडलाच तर त्याला चिडवल्याशिवाय पोरे राहणार नाहीत. पण नावाचा अर्थ पाहा. जुन्या इंग्रजीत 'कूथ' म्हणजे जाणलेला, सर्वांना माहीत असलेला, म्हणून नामांकित. आणि 'बेओर्ट' म्हणजे तेजस्वी. 'कूथ' हा शब्द आपल्या 'ज्ञात'चा सख्खा भाऊ. दोन्ही एकाच मुळापासून निघाले आणि आपले 'जाणणे'ही त्याच घराण्यातले. 'बेओर्ट'चे आजचे रूप 'ब्राइट', आणि त्याचे नाते संस्कृतातल्या 'भ्राज्' म्हणजे चमकणे या धातूशी लागते. म्हणजे कथबर्ट हे नाव जवळजवळ जसेच्या तसे संस्कृतात उतरवता येईल! 'अनकूथ' म्हणजे अडाणी, गावंढळ, हा शब्द आपण इथे अधूनमधून ऐकतो. त्याचा मूळ अर्थ नुसता 'अनोळखी' असा होता. अनोळखी माणूस तो गावंढळ, हा हिशेब कोणत्या भाषेत नाही?

आता याच्या शेजारी रॉबर्ट ठेवा. त्यातल्या पहिल्या भागाचा अर्थ कीर्ती आणि 'बर्ट' तेच, तेजस्वी. दोन्ही नावांचा अर्थ जवळपास एकच. तरीही एकाला कोणी कधी हसले नाही आणि दुसरे हास्यास्पद ठरले. तेव्हा दोष अर्थाचा नाही, उच्चाराचाही म्हणता येत नाही. तो शोधायचा तर इतिहासातच शोधायला हवा.

ज्याच्यामुळे हे नाव मोठे झाले तो संत कथबर्ट इ. स. ६३४ च्या सुमारास जन्मला. तरुणपणी तो स्कॉटलंडच्या सीमेजवळ मेंढरे राखत होता. ६५१ साली एका रात्री त्याला आकाशात दिव्य प्रकाश दिसला. लिंडिसफार्नचे एडन हे साधुपुरुष त्याच रात्री निवर्तल्याचे त्याला नंतर कळले, आणि तो मेलरोजच्या मठात दाखल झाला. त्याचे चरित्र लिहिले बीड नावाच्या विद्वान संन्याशाने (आपल्या बीड जिल्ह्याचा काही संबंध नाही!). त्यातली एक कथा महिपतींच्या संतचरित्रात सहज खपून जाईल. कथबर्ट रात्री गळ्याइतक्या समुद्रात उभा राहून प्रार्थना करीत असे. पहाटे बाहेर आला की दोन पाणमांजरे येत, श्वासाने त्याचे गारठलेले पाय उबदार करीत आणि अंगावरच्या लवेने पुसून कोरडे करीत. ६८५ साली त्याला लिंडिसफार्नचा बिशप केले, पण त्याचा जीव रमला तो फार्न बेटावरच्या एकांतात, आणि तिथेच २० मार्च ६८७ रोजी त्याने देह ठेवला. त्या बेटांवरच्या आयडर बदकांना उत्तरेकडचे लोक अजूनही 'कडी डक' म्हणतात. कडी म्हणजे कथबर्टचे घरगुती, लाडाचे नाव, जसे आपल्याकडे पांडुरंगाचे पांडू.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी लिंडिसफार्न लुटले. धाड वारंवार येऊ लागली तेव्हा ८७५ साली तिथल्या संन्याशांनी कथबर्टची शवपेटी खांद्यावर घेतली आणि बेट सोडले. सात वर्षे ते ही पेटी घेऊन उत्तर इंग्लंडभर हिंडत होते. पुढे शंभराहून अधिक वर्षे पेटी चेस्टर-ली-स्ट्रीटला राहिली आणि ९९५ मध्ये डरहॅमला कायमची विसावली. डरहॅम शहर वसले ते या पेटीभोवती. टाइन आणि टीस या दोन नद्यांमधली प्रजा स्वतःला 'पुण्यपुरुषाची माणसे' म्हणवून घेत असे. ११०४ साली, नवे कॅथीड्रल बांधून होत असताना, पेटी उघडली. आत तळहातापेक्षा थोडेसेच मोठे, लाल चामड्यात बांधलेले एक छोटे पुस्तक मिळाले. मूळ बांधणीसह अखंड टिकलेले ते युरोपातले सर्वांत जुने पुस्तक मानले जाते. २०१२ साली ब्रिटिश लायब्ररीने ते ९० लाख पौंडांना विकत घेतले.

१०६६ मध्ये नॉर्मन आले आणि इंग्रजांची नावेच पालटली. विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री ही सगळी जेत्यांची नावे. दोन-तीन पिढ्यांत एथेलरेड, वुल्फस्टन अशी जुनी सॅक्सन नावे मागे पडली. राज्यकर्त्यांसारखे नाव ठेवले की पोराचे बरे होईल, असे तेव्हाच्या आईबापांनाही वाटले असणार. बारशाच्या आधीची आपली चर्चा तरी दुसरी काय आहे? पण डरहॅमच्या मुलखात कथबर्ट टिकला. तिथे नाव राजाचे नव्हते, संताचे होते. १३४६ च्या नेव्हिल्स क्रॉसच्या लढाईत इंग्रज सैन्यापुढे त्याचाच झेंडा होता. पुढे आठव्या हेन्रीच्या काळात समाधीची मोडतोड झाली, तीर्थक्षेत्र बंद पडले, तरी घराघरांतून नाव चालूच राहिले. न्यूकॅसलला १७४८ मध्ये जन्मलेला कथबर्ट कॉलिंगवुड त्याच परंपरेतला. १८०५ च्या ट्रॅफल्गारच्या लढाईत त्याचे जहाज सर्वांत आधी शत्रूला भिडले, आणि नेल्सन पडल्यावर सगळ्या आरमाराची सूत्रे त्याने हाती घेतली. त्याचे खलाशी प्रेमाने त्याला 'कडी' म्हणत.

मग बिनसले कुठे? एकोणिसाव्या शतकात जुन्या सॅक्सन संतांची नावे ठेवण्याची टूम निघाली. डरहॅमच्या कोळ्या-शेतकऱ्यांचे नाव दक्षिणेतल्या पाद्र्यांच्या आणि सुखवस्तू लोकांच्या घरी गेले. त्याला एक प्रकारचा नाजूकपणा चिकटला. नंतर पहिले महायुद्ध आले. १९१६ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली, तेव्हा काही धडधाकट तरुण सरकारी कचेऱ्यांत खुर्ची पकडून बसले. लंडनच्या 'ईव्हनिंग न्यूज'मधल्या 'पॉय' या व्यंगचित्रकाराने १९१७ च्या सुमारास या मंडळींना भेदरलेल्या सशांच्या रूपात रंगवले आणि त्यांना नाव दिले कथबर्ट. शब्द वाऱ्यासारखा पसरला. ट्रॅफल्गारला सगळ्यांत पुढे गेलेल्या माणसाचे नाव पुरत्या सव्वाशे वर्षांच्या आत लढाईतून पळ काढणाऱ्याची ओळख बनले! एका चित्रकाराच्या कुंचल्याने बाराशे वर्षांच्या पुण्याईवर पाणी फिरवले, असे म्हटले तर ते फार अतिशयोक्तीचे होणार नाही.

त्यानंतर कथबर्ट उरला तो बहुतेक विनोदापुरता. वुडहाउसच्या १९२२ सालच्या गोल्फकथांच्या संग्रहातल्या एका कथेचा नायक कथबर्ट. आपली मुले वाचतात त्या 'बीनो'मधला, मास्तरांच्या पुढे पुढे करणारा पोरगा कथबर्टच. टिनटिनचे विसराळू प्राध्यापक मूळ फ्रेंचमध्ये त्रिफों तूर्नसोल आहेत. इंग्रजी भाषांतरकारांनी विचित्र नाव शोधताना त्यांना कथबर्ट कॅल्क्युलस केले. अलीकडे आर्थर, आल्बर्ट, स्टॅन्ली ही पणजोबांच्या वेळची नावे इंग्लंडात पुन्हा जोरात आली. आर्थर तर पहिल्या दहांत जाऊन बसला. कथबर्टला मात्र ते भाग्य नाही. त्याला प्रसिद्धी मिळाली ती केक म्हणून. 'ऑल्डी'च्या सुरवंटाच्या आकाराच्या केकचे नाव कथबर्ट, आणि १९९० पासून तसाच 'कॉलिन' विकणाऱ्या 'मार्क्स अँड स्पेन्सर'ने २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच्यावर हायकोर्टात दावा ठोकला. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

उच्चाराचे म्हणाल, तर स्कॉटलंडच्या दक्षिणेला 'कथबर्टचे चर्च' या अर्थाचे एक गाव आहे. लिहितात कर्ककडब्राइट असे आणि म्हणतात 'कर्कूब्री'. हृषीकेश म्हणता येत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या शेजाऱ्याला ते एकदा वाचायला द्यावे.

लंडनहून एडिंबराला जाणारी गाडी डरहॅमवरून जाते आणि खिडकीतून टेकडीवरचे कॅथीड्रल दिसते. सवड असेल तर उतरावे. कथबर्टची पूजाअर्चा रुजवणाऱ्या बीडची समाधी पश्चिमेच्या टोकाला आहे. कथबर्टच्या गळ्यातला सोन्याचा, माणकासारखे लाल खडे जडवलेला क्रूस तिथल्या संग्रहालयात ठेवलेला आहे. आणि मुख्य वेदीच्या मागे, थोड्या पायऱ्या चढून गेले की जमिनीत एक साधी शिळा आहे. तिच्यावर एकच शब्द कोरलेला आहे, 'कथबर्टुस'.