मोडता येणारा बेत

स्वस्त प्रवास म्हणजे कमी खर्चाचा प्रवास, ही व्याख्या अपुरी आहे. सहल कंपनीच्या पॅकेजमध्ये गाडी, खोली आणि जेवण यांखेरीज आणखी एक गोष्ट विकत घेतलेली असते, ती म्हणजे चुकांची भरपाई. गाडी बिघडली तर दुसरी आणणे, खोली नाकारली गेली तर दुसरी शोधणे, कोणी तापाने फणफणले तर डॉक्टर गाठणे, हे सगळे कंपनीने करायचे. काटकसरीने निघणारा नेमके हेच घेत नाही, आणि त्याचे बरेचसे पैसे इथेच वाचतात. जोखीम स्वतःच्या अंगावर घेऊन त्याने ती सूट मिळवलेली असते. मुरलेल्या भटक्याला हा सौदा परवडतो. वीस-बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर निघते, तेव्हा चुका होणार हे नक्की असते. कोणत्या होणार, एवढेच ठाऊक नसते. म्हणून पहिल्या प्रवासाची निवड करताना ठिकाण किती देखणे आहे याआधी एक प्रश्न यावा: बेत मधेच मोडावा लागला तर काय पडेल? या खर्चाला सोयीसाठी मोडखर्च म्हणू.

मोडखर्च नुसत्या रुपयांत मोजून भागत नाही. त्यात बुडणारा पैसा येतो, बाहेर पडण्याची वाट येते आणि ती वाट कोणत्या वेळी खुली असते हेही येते.

पैशाचा भाग सोपा आहे. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. वेळेवर काढलेले तिकीट रद्द केले तर काही रक्कम कापून उरलेली परत मिळते. जागा पक्की झालेल्या तत्काळ तिकिटाचा परतावा मात्र मिळत नाही. म्हणजे आयत्या वेळी उत्साहात काढलेले तत्काळ तिकीट हे जास्त भाड्याचे तर असतेच, शिवाय ते बेताला खुंटीला बांधून टाकते. उलट एसटीचे तिकीट गाडीत बसल्यावर निघते. महिलांना मार्च २०२३ पासून त्यात निम्मी सवलत आहे. उद्याची गाडी आज मोडायला काहीच लागत नाही. एसटीचा चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास याच कारणाने नवख्यांना सुचवला जातो, पण माझे मत जरा वेगळे आहे. पास वसूल व्हावा म्हणून माणूस रोज लांबलांबची गाडी पकडू लागतो आणि ज्या गावात दोन दिवस रमला असता तिथून सकाळीच उठतो. पास घ्यावा तो मार्ग कागदावर मांडून आणि भाड्याची बेरीज करून. मोकळेपणाच्या हौसेने घेऊ नये.

वाट आणि वेळ हा भाग खरा गुंतागुंतीचा आहे, आणि तो ठिकाणाच्या नावावरून कळत नाही. हरिश्चंद्रगडाचे उदाहरण घेऊ. उंची १,४२४ मीटर. पाचनईकडून चढणारी वाट दोन-तीन तासांची आणि रुळलेली. हंगामात गडावर जेवणाची आणि तंबूची सोय होते. पाय मुरगळला, पोट बिघडले किंवा नुसता कंटाळा आला, तरी आल्या वाटेने उतरता येते. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे येणारी वाट लांब आहे, पण तीही परत फिरू देते. त्याच गडाला बेलपाड्याकडून नळीची वाट आहे. तिथे दगडधोंड्यांनी भरलेल्या घळीतून चढावे लागते, मधे कातळटप्पे येतात, आणि चढून गेलेला टप्पा उतरणे हे चढण्यापेक्षा अवघड असते. अर्ध्यावर दम संपला तर पुढे जाणे हाच त्यातल्या त्यात सोपा पर्याय उरतो. गड तोच, वरचे केदारेश्वराचे लेणे तेच, कोकणकडा तोच. मोडखर्च मात्र एका वाटेवर नगण्य आणि दुसरीवर न परवडणारा. म्हणून ‘पहिल्यांदा हरिश्चंद्रगड करावा का?’ या प्रश्नाला उत्तरच नाही; वाट सांगितली की उत्तर देता येते.

याचे टोकाचे रूप मनाली–लेह रस्त्यावर दिसते. मोटारसायकलने लेह हे आपल्याकडच्या कितीतरी मुलांचे पहिल्या प्रवासाचे स्वप्न असते. या रस्त्यावर अनेक जण सरचूला मुक्काम करतात. ती जागा ४,२०० मीटरांच्या वर आहे. एवढ्या उंचीवर सराव नसलेल्या शरीराला डोकेदुखी व मळमळ होते, धाप लागते, आणि त्रास वाढला तर त्यावरचा खरा उपाय खाली उतरणे हाच. पण सरचूहून मनालीकडे यायचे तर बारालाचा खिंड ओलांडावी लागते, लेहकडे जायचे तर नकी ला आणि लाचुलुंग ला. दोन्ही बाजूंना उतरण्याआधी चढण आहे, तीही पाच हजार मीटरांच्या आसपास. आजारी माणसाला तिथून काढणे हे पैशाने सुटणारे कोडे नाही. इंधन, ढाबा आणि तंबू यांचा हिशेब करून हा प्रवास स्वस्त ठरवणाऱ्याने हा एक आकडा वगळलेला असतो.

दूरच्या ठिकाणाबद्दल आणखी एक हिशेब चुकतो. प्रवासाचा खर्च जाण्यायेण्याचा आणि तिथे राहण्याचा असा विभागला जातो. पहिला एकदाच होतो, त्यामुळे दिवस जितके जास्त तितका तो हलका होतो. मुंबईहून दिल्लीला साध्या मेल गाडीने सुमारे एक दिवस, तिथून मनालीची बस बारा-चौदा तास, मधे गाडी-बसची वाट पाहणे. सात दिवसांच्या सुट्टीत येऊन-जाऊन चार दिवस जातात आणि भाड्याचा सगळा बोजा उरलेल्या तीन दिवसांवर पडतो. तेवढ्याच सात दिवसांत दापोलीपासून मालवणपर्यंत किनाऱ्याने जाता येते.

ही किनाऱ्याची वाट पहिल्या प्रवासासाठी मला सर्वांत योग्य वाटते, आणि त्याचे कारण समुद्र नव्हे. दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडत, मधल्या गावांना एसटीने जात, ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी पाहून उतरत दक्षिणेकडे सरकायचे. कोकण रेल्वे सगळीकडे साधारण समांतर धावते: चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ. दिवसाउजेडी एक बस पकडली की स्टेशन येते, म्हणजे बाहेर पडण्याचे दार सतत बाजूला आहे. तरीही इथे निर्णय रोज घ्यावे लागतात. शेवटची फेरीबोट चुकली तर दाभोळहून गुहागरला चिपळूणमार्गे भलामोठा वळसा पडतो. वस्तीची एसटी संध्याकाळी गावात जाते आणि पहाटे तीच परत निघते, तेव्हा तिने जावे की तालुक्यालाच थांबावे, हे स्टँडवरच्या चौकशी खिडकीपाशी उभे राहून ठरवायचे असते. चुकले तर एक रात्र वाया जाते. एवढ्याच किमतीची चूक माणसाला शिकवते. पावसाळ्यात मात्र हे गणित बिघडते. तेव्हा रेल्वेचे वेळापत्रकही संथ होते आणि खाडीचे पाणी भरवशाचे राहत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

यावर आक्षेप येतो की सगळेच मोडता येण्याजोगे असेल तर त्यात साहस ते काय. या आक्षेपात शारीरिक कष्ट आणि निर्णयाचा भार यांची गल्लत झालेली असते. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या हिमालयातल्या ट्रेकमध्ये कष्ट भरपूर असतात, पण कॅम्प, जेवण, वेळ सगळे ठरलेले. सहभागी होणाऱ्याने चालायचे. आषाढी वारीतही तसेच आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, दिंडीची भिशी भरली की सामान ट्रकमधून पुढे जाते, आणि सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण असे मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. पाय सुजले तर फलटणहून गाडी धरून घरी येता येते, आणि त्याबद्दल कोणी नावे ठेवत नाही. वारीइतकी विचारपूर्वक रचलेली स्वस्त पदयात्रा मला दुसरी माहीत नाही. कोकणच्या प्रवासात उलट आहे: कष्ट कमी, निर्णय पुष्कळ. पहिल्या खेपेला यांपैकी एकच भार घ्यावा. नळीची वाट किंवा सरचू यांत दोन्ही एकदम येतात, तेही परतीची वाट बंद असताना.

बाहेर पडण्याची वाट सर्वांसाठी सारखी नसते, हेही मांडायला हवे. रात्री दहाला हमरस्त्यावरच्या फाट्यावर उभे राहून मिळेल त्या वाहनाला हात करणे हा चार मुलांसाठी पर्याय असेल. एकट्या मुलीसाठी तो पर्याय म्हणून धरताच येत नाही. तिने आपला मोडखर्च संध्याकाळच्या शेवटच्या भरवशाच्या गाडीपर्यंतच मोजावा. हा भित्रेपणा नाही. रस्ते जसे आहेत तसे धरून केलेला हिशेब आहे.

सोबतीनेही मोडखर्च वाढतो. दोघे-तिघे असले तर ‘चला, परत जाऊ’ हे एका चहात ठरते. आठ जणांत तेच वाक्य पहिल्यांदा कोण उच्चारणार यावर दुपार जाते, आणि ज्याने फोटो आधीच टाकलेले असतात तो तर हट्टालाच पेटतो. पैसे किंवा वाट नसल्याने बेत अडतो त्याहून अधिक वेळा तो लाजेने अडत असावा. त्यामुळे निघण्याआधी एकदा ठरवून टाकावे की कोणी एकाने नको म्हटले तरी पुरे, कारण विचारायचे नाही.

राहता राहिला खिसा. परतीचे भाडे आणि एका रात्रीच्या खोलीचे पैसे बजेटमध्ये धरूच नयेत. ते नोटांच्या रूपात, पाकिटाबाहेर, सामानात वेगळे असावेत. फोनवरून पैसे देण्याची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की घाटात रेंज गेली की माणूस बँकेत हजारो रुपये असूनही वडापावला महाग होतो. आठ हजारांचे बजेट असेल तर बेत साडेसहाचा करावा. ज्यांना साडेसहात लेह बसवायचे आहे, त्यांनी आणखी वर्षभर पैसे साठवावेत आणि तोवर पाचनईच्या वाटेने एकदा वर जाऊन यावे.